‘खाडीवरचं दव’ मधला आवाज

२१ ऑगस्ट, मंगळवार

वही नवी, पेन बायकोचं, सुमिएचं. रोजनिशी लिहायची मला सवय नाही. कामाची टाचणं ठेवतो, तेवढंच. पण आज चिगुसासानचा फोन आला आणि वाटलं, हे सगळं कुठेतरी उतरवून ठेवावं.

ती गाणं सोडतेय. दहा नोव्हेंबरला योकोहामात शेवटचा कार्यक्रम.

"इसोसान, शेवट ‘खाडीवरचं दव’नेच करणार. आणि सुरुवातीचा तो आवाज तुम्ही तुमच्या हाताने काढायचा. टेप नको मला. तुम्ही माझ्या मागे बसलेले हवेत."

मी म्हटलं, "बघतो, वेळ आहे का ते."

स्वयंपाकघरात सुमिए फिस्सकन हसली. मला काम सोडून सहा वर्षं झाली, माझ्याकडे वेळाशिवाय दुसरं आहेच काय.

आमच्या धंद्यात मला मॅनिप्युलेटर म्हणायचे. वाजवणारा वेगळा, गाणारी वेगळी, यंत्रातून आवाज घडवून देणारा मी. रेकॉर्डवर नाव आलंच तर सगळ्यात खाली, जेवणाचे डबे पुरवणाऱ्याच्या शेजारी. आणि ‘खाडीवरचं दव’वर तेही नाही. आठ सेकंदांचा आवाज, त्यासाठी पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत तीन दिवस स्टुडिओतून हललो नव्हतो. चिगुसासानला त्या गाण्याचं तोंड सापडत नव्हतं. हा आवाज ऐकला, डोळे मिटले आणि एका दमात गायली. लोक ते गाणं तिच्या नावाने ओळखतात, ओळखू देत. पण पहिल्या सुराला ते जे ‘आ’ करतात, तो ‘आ’ माझा आहे.

या वेळी तो मी स्वतः ऐकणार, तिच्या मागे बसून.

२४ ऑगस्ट

रॅक माळ्यावरून खाली आणला. सुमिए म्हणाली, "अहो, कंबर," आणि स्वतःच दुसरी बाजू धरली.

सिंथेसायझरची काळी पेटी, आठ स्वरांची, चौऱ्याऐंशीची. दर्शनी भागावर चार बटणं, बाकी सपाट दगड. आवाज घडवायचा तर सरकत्या कळांची वेगळी पाटी वायरीने जोडावी लागते. ती पाटी मी रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. सुमिएच्या लग्नाच्या किमोनोला एवढं रेशीम मिळालं नसेल, असं तीच म्हणते.

चालू केली. दिवे एकामागून एक पेटले, आठही स्वर तिने स्वतःशी जुळवून घेतले आणि गप्प बसली. अर्धा तास तापू द्यायची, मगच हात लावायचा. त्या अर्ध्या तासात मी दोनदा चहा प्यायलो.

पंच्याऐंशीचा माझा तक्ता सापडला. कुठली कळ किती, सगळं माझ्या अक्षरात. फिल्टर चोपन्न. फिल्टर म्हणजे आवाजातली धार आत सोडणारं दार. जास्त उघडलं की आवाज टोचतो, मिटलं की घोंगडीखालून आल्यासारखा येतो. चोपन्न म्हणजे अगदी केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. तीन दिवस त्या केसासाठीच गेले होते.

सगळ्या कळा तक्त्याप्रमाणे लावल्या आणि सूर दाबला.

घोंगडी.

३० ऑगस्ट

आठवडाभर तेच. आकडे बरोबर, आवाज बोथट. चौतीस वर्षांच्या पेटीतले भाग थकणारच. फिल्टर त्रेसष्टवर नेला तेव्हा थोडी धार आली.

ताळा करायला सीडी लावली. नव्याने काढलेली आवृत्ती आहे, या लोकांनी वरची सगळी झळाळी कापून टाकली आहे. जुनी रेकॉर्ड लावली, तर सुई झिजलेली. हल्ली कोणाला कानच नाहीत.

६ सप्टेंबर

पेटी घेऊन तोगाशीकडे गेलो. चाळीस वर्षं तो असली यंत्रं उघडून बसलाय, आणि चाळीस वर्षं त्याच्या दुकानात एकच खुर्ची आहे, ती त्याची. उभा राहिलो.

त्याने सगळं मोजलं. आठही स्वरांचे फिल्टर एकेक करून पडद्यावर दाखवले.

"काही झालेलं नाही रे हिला. तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"पडदा काय सांगतो ते मला नको. कान सांगतोय, बोथट आहे."

"इसोगाई, बाकी सगळं तपासून झालं. एकच गोष्ट राहिली." आणि त्याने केस मागे सारून कानात बसवलेलं यंत्र दाखवलं. "दोन वर्षं झाली. मला वाटायचं, बाजारात येणारे सगळे स्पीकरच टाकाऊ. जाऊन ये एकदा. दुखत नाही."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बिचारा. कानात यंत्र घालून हा माणूस मला आवाजातलं सांगणार! मोजमापावर नाही, कानावर विश्वास ठेवायचा, हे या धंद्यातलं पहिलं वाक्य. मी माझ्या हाताखालच्या सगळ्यांना तेच शिकवलं. मिनेगिशीला तर पहिल्याच दिवशी.

तोगाशीला म्हटलं, फिल्टरचे भाग बदलून दे. त्याने पेटीचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "बरं. ठेवून जा."

१५ सप्टेंबर

तोगाशीने पेटी परत दिली. "बदलले," म्हणाला. आतले जुने भाग दाखव म्हटलं तर "टाकून दिले." आळशी.

फरक? थोडा आहे. एकाहत्तरवर नेल्यावर चांगला वाटतो.

सुमिएला बोलावून ऐकवला. ती दारातच थांबली, खांदे आकसून.

"कसा वाटतो?"

"छान आहे की."

"आत ये ना."

"इथूनच चांगला येतोय," म्हणाली आणि दोडक्याच्या वेलाला पाणी घालायला गेली. चाळीस वर्षं संसार करूनही हिला आवाजातलं काही कळत नाही. पण ऐकायला येते, हेही खूप.

१९ सप्टेंबर

दरवर्षीसारखं सुमिएने सुझुमुशीचं, शरदात गाणाऱ्या किड्यांचं, खोकं आणून ओसरीवर ठेवलंय. वांग्याची फोड, काकडीची फोड, सगळा थाट. पण यंदाचे किडे मुके निघाले. पाच दिवस झाले, हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, "दुकानदाराने सगळ्या माद्या गळ्यात मारल्या तुझ्या."

ती वांग्याची फोड बदलत होती. "असेल," म्हणाली. "उद्या बघते."

२१ सप्टेंबर

दुसरं खोकं आलं. तेही तसंच.

२२ सप्टेंबर

आज एक गंमत. कुंपणापलीकडच्या मिबूबाई फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडचे सुझुमुशी काय सुरेख गातात हो! आम्ही टीव्ही बंद करून ऐकत बसतो."

मिबूबाई मूळच्या क्योतोच्या. शेजारच्या मुलीची प्रगती वाखाणली की पियानो बंद करा असं समजायचं, ही तिकडची रीत. म्हणजे माझ्या पेटीचा त्रास होतोय, आणि बाई मुक्या किड्यांचं कौतुक करून ते सुचवतायत! मी वाकून म्हटलं, "आवाज कमी करतो, माफ करा." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, चोरी पकडल्यासारखं.

सुमिएला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. सान्मा मासे भाजत होती, पाठ वळवून म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? दोघंही. वय झालंय, सगळंच तपासून घेऊ."

"दहा नोव्हेंबरनंतर," मी म्हटलं. "आत्ता मला फुरसत नाही."

१० ऑक्टोबर

चिगुसासान घरी आली, मिनेगिशीला घेऊन. कार्यक्रमाचं संगीत तोच सांभाळतोय. सत्तेचाळीसचा झाला, दाढीत पांढरं आलं, पण मला बघितलं की अजून ताठ उभा राहतो.

आवाज ऐकवला. फिल्टर ब्याऐंशीवर आहे आता. मी डोळे मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा मिनेगिशी जमिनीकडे बघत होता आणि चिगुसासान माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते. तेहतीस वर्षांनी माझ्या हातून ऐकला तिने. येणारच पाणी.

"काय रे, गप्प का?" मी मिनेगिशीला विचारलं.

"काही नाही, गुरुजी. खूप... लख्ख आहे."

"लख्ख! शब्द चांगला शोधलास."

चहा घेताना चिगुसासान एकदम म्हणाली, "इसोसान, माझं वरचं सगळं गेलं. तार सप्तकात जायचं म्हटलं की नुसती हवा येते. एक वर्ष भांडले स्वतःशी. मग मान्य केलं, गाणं दोन पट्ट्या खाली आणलं. आता बरं वाटतं. खाली आणण्यात काही लाज नाही हो." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

फार वाईट वाटलं मला. एवढी मोठी गायिका, आणि स्वतःची समजूत घालायला माझ्यासारख्याकडे यावं लागलं. मी म्हटलं, "तुम्ही गा. झळाळीचं मी बघून घेतो."

ती सुमिएकडे बघून हसली. दोघी फाटकाशी खूप वेळ बोलत उभ्या होत्या.

११ ऑक्टोबर

सुमिएचे डोळे आज लाल. विचारलं तर म्हणे कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता.

मला एक शंका येऊन गेली, ती इथे लिहून टाकतो म्हणजे जाईल. पंच्याऐंशीत चोपन्न पुरत होतं. आज ब्याऐंशी लागतंय. भाग बदलले तरीही. थकणारी यंत्रं मी पुष्कळ पाहिली, पण थकतात ती वेडीवाकडी, एक स्वर असा, एक तसा. हिचे आठही स्वर एकसारखे थकलेत.

तोगाशीने नवे भागही एकाच जुन्या साठ्यातले घातले असणार. दुसरं काय.

४ नोव्हेंबर, रविवार

पहिली मोठी तालीम. तीन गाडे भरून वाद्यं, बावीस माणसं, आणि मध्ये माझा छोटा काळा रॅक. तरुण पोरं येऊन फोटो काढत होती. एकाने विचारलं, "हात लावू का?" मी म्हटलं, "आधी धुऊन ये."

फिल्टर ब्याण्णववर. सभागृह मोठं, झळाळी पोचायला हवी.

सूर दाबला तसा गिटारवाल्याने कानातलं उपटून काढलं. व्हायोलिनच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मिनेगिशीने हात वर करून थांबवलं. "तारेत बिघाड आहे बहुतेक," म्हणाला. सगळ्यांना दहा मिनिटं सुट्टी दिली. तो आणि चिगुसासान पडद्यामागे गेले. त्याचा हात हलताना दिसत होता, तिची मान सारखी नाही नाही म्हणत होती. शेवटी हलायची थांबली.

परत आला तो हेडफोन घेऊन. "गुरुजी, मंचावर फार गोंगाट असतो. तुमच्यासाठी खास वेगळी जोडणी केलीय, तुमची पेटी थेट तुमच्या कानात."

तीस वर्षं या धंद्यात राबलो, असा मान कोणी दिला नव्हता. पुन्हा वाजवलं तेव्हा सगळं सुरळीत. कोणी कानातलं काढलं नाही. बिघाड तारेतच होता तर.

९ नोव्हेंबर

दाढी केली. सुमिएने काळा कोट इस्त्री केला. उद्या पहिल्या सुराला अठराशे माणसं ‘आ’ करतील. भूक नाही. सुमिएने लापशीसारखा मऊ भात केला, लोणच्याच्या आलुबुखाराबरोबर, आजाऱ्याला देतात तसा. संपवला.

१० नोव्हेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

‘खाडीवरचं दव’ शेवटी होतं. दिवे मंद झाले. पेटी तीन तास तापलेली, कळा जागेवर, हेडफोन कानात. मिनेगिशीने मान हलवली. मी सूर दाबला.

हेडफोनच्या बाहेरून काहीतरी आलं, जमिनीतून आल्यासारखं. अठराशे माणसांनी श्वास घेतला होता. तो ‘आ’. पुढच्या रांगेतल्या बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मला वाटलं, हे उघड्या कानाने ऐकावं. चिगुसासान शेवटचं गाणार, मध्ये यंत्र कशाला. हेडफोन काढून गळ्यात ठेवला.

सभागृहात माझा आवाज भरला होता. बोथट. घोंगडीखालचा. सवयीने हात फिल्टरच्या कळेवर गेला, थोडी वर सरकवली. काही झालं नाही. आणखी वर. टोकापर्यंत नेली. काही नाही. मग पार खाली, शून्यावर आणली. दार पूर्ण मिटलं म्हणजे आवाजच मेला पाहिजे. सभागृहातला आवाज होता तसा चालू होता.

माझी पेटी माझ्या हेडफोनशिवाय कुठेच जात नव्हती.

पहिल्यांदा राग आला. मिनेगिशीकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहणं टाळलं, त्याच्या हाताशी टेप फिरत होती. ओळखली मी. पंच्याऐंशीची मूळ टेप, स्टुडिओच्या कपाटातली. तिच्यात ना कोणी काही कापलं होतं, ना तिला झिजणारी सुई होती. मी चौतीस वर्षांचा असताना माझ्या कानांनी केलेला आवाज, जसाच्या तसा. तोच ऐकून लोक रडत होते.

आणि तोही मला बोथट ऐकू येत होता.

सगळं एकदम कळलं. तोगाशी. दारात खांदे आकसून उभी असलेली सुमिए. तारेतला बिघाड. मी त्या लोकांच्या कानांत आठवडेच्या आठवडे सुया खुपसत होतो आणि ते छान छान म्हणत होते. मंचावर बसल्या जागी मला शरम वाटली, आणि शरमेहून मोठं काहीतरी, त्याला मला शब्द नाही. मी मेल्याची बातमी सगळ्यांना होती, फक्त मलाच नव्हती, असं काहीसं.

तेवढ्यात चिगुसासान मागे वळली. दुसऱ्या कडव्याआधी, तो आवाज पुन्हा येतो तिथे, ती तालमीतही वळून माझ्याकडे बघायची. पंच्याऐंशीत स्टुडिओतही तशीच वळली होती. हेडफोन गळ्यात बघून तिचा चेहरा उतरला. ओळ चुकणार होती ती. शेवटच्या गाण्याची.

मी कळ हळूच वर नेली, गाण्याला हवी तशी, डोळे मिटून, मान डोलावत. जसा काही तो आवाज मीच काढतोय. डोळे उघडून तिच्याकडे बघून हसलो. ती वळली आणि गायली. दोन पट्ट्या खाली, आणि अंगावर काटा आला असं. तिचा आवाज खालचा आहे आता, तो मला सगळा ऐकू आला.

शेवटपर्यंत मी कळा हलवत राहिलो. कशालाही न जोडलेल्या. एकही चुकवली नाही.

गाणं संपल्यावर तिने माइक हातात घेतला. "हा पहिला आवाज, ज्यासाठी तुम्ही तेहतीस वर्षं येताय, तो या माणसाने केला. इसोगाई नोबुहारू. रेकॉर्डवर यांचं नाव नाही. आज सांगते."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हे. सगळं सभागृह उभं राहिलं. मी उठलो, कमरेतून वाकलो आणि बराच वेळ वर आलोच नाही.

मागच्या खोलीत मिनेगिशी समोर आला. "गुरुजी, मी..."

"आवाज चांगला पोचला," मी म्हटलं. "तारेचं काम छान केलंस."

तो रडायला लागला. खांद्यावर थोपटलं. त्याने कानावर विश्वास ठेवला होता, मी शिकवल्याप्रमाणे.

११ नोव्हेंबर

सकाळी चिगुसासानचा फोन. "कसा वाटला आवाज, इसोसान?"

"पंच्याऐंशीत होता तसाच."

"तुम्ही मागे होतात म्हणून गायले," म्हणाली. तिला कळलंय की नाही, ते मला कळलं नाही. विचारणार नाही.

१४ नोव्हेंबर

आज दुपारी सुमिए शेगडीवर मासा लावून उभी होती. मी विचारलं, "केव्हापासून?"

तिने काय म्हणून विचारलं नाही. "चार वर्षं. आधी दारावरची घंटा गेली तुमची. मग भाताच्या कुकरची शिट्टी. मी अगोदर उठून जायचे, म्हणजे तुम्हाला कळायला नको."

"सांगायचंस."

"दहादा ठरवलं. तुम्ही पेटीसमोर एवढे खूश असायचात. धीर होईना माझा, अहो. ते तेवढंच होतं तुमचं."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. मला रडू आलं, लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यासमोर. आवरलं नाही. ती चिमटा हातात तसाच घेऊन शेजारी येऊन बसली.

मग मी म्हटलं, "शनिवारी तू सभागृहात तो आवाज ऐकलास. त्यात काय होतं, मला सांग."

"मला कुठे आवाजातलं कळतं?"

"तरी सांग."

तिने विचार केला. "आधी काही नसतं. मग लांबून काहीतरी बारीक येतं, कोणी ओली चादर झटकतंय आणि तिच्या कडेला ऊन लागलंय असं. मग ते सगळीकडे पसरतं. शेवटी जातं तेव्हा लगेच जात नाही, थोडं मागे राहतं."

"किती वेळ?"

"बराच. आपण वाट बघतो, अजून आहे का म्हणून."

"आहे का?"

"असतं," ती म्हणाली. "अगदी बारीक."

मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आत मासा करपल्याचा वास येत होता, पण आम्ही दोघंही उठलो नाही.